बुश बसवला की रे त्यानं!

(दृश्य: सकाळचं उद्यमबाग. अर्धं उघडं शटर. आत पत्र्याला ठोकून आकार देणारा पॉवर प्रेस.)

धाड... क्षणभर काही नाही... पुन्हा धाड. हा आवाज कशाचा, हे बेळगावकराला सांगावं लागत नाही. समोरच्या टपरीवर ग्लासातला चहा थरथरतो. आमचे अप्पा अशाच एका प्रेसवर होते. त्यांच्या उजव्या तर्जनीला नख नाही. लहानपणी विचारलं की म्हणायचे, "मशीनला भूक लागली होती."

त्यामुळे ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडची गोष्ट मला कधी परदेशातली वाटलीच नाही.

(दृश्य: बर्मिंगहॅमची जुनी छायाचित्रं. धुरांडी, लाल विटांच्या घरांच्या रांगा.)

अ‍ॅस्टन. बर्मिंगहॅममधली कामगारवस्ती. चार पोरं तिथलीच. ऑझी ऑसबॉर्न कधी कत्तलखान्यात, कधी मोटारींचे हॉर्न तपासायच्या कामावर. गीझर बटलर हिशेबनीस व्हायच्या वाटेवर. बिल वॉर्ड ड्रमवर. आणि टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात, वेल्डिंगला.

टोनी सतरा वर्षांचा. एका बँडबरोबर युरोपला निघायचं म्हणून नोकरी सोडलेली, कारखान्यातला शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो म्हणाला, आता परत जात नाही. आईनं सुनावलं, जा, काम पुरं करून ये. (आपल्याकडची आई तरी दुसरं काय म्हणाली असती?) प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून यालाच तिथं उभं केलं होतं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसर. कारखान्यातला त्याचा साहेब मात्र एक रेकॉर्ड घेऊन घरी आला. गिटारवादक जँगो राइनहार्टची. ऐकून झाल्यावर सांगितलं, या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झालीत.

हे मी अप्पांना सांगत होतो. पुढचं ऐकताना ते खुर्चीत पुढं सरकले. टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याचा गोळा बनवला. तापलेल्या सोल्डरिंगनं त्यात भोक पाडलं, बोट बसेपर्यंत. मग घासून गुळगुळीत केला. वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, तार निसटू नये म्हणून.

"बुश बसवला की रे त्यानं!" अप्पा म्हणाले.

अगदी तेच. यंत्राच्या भोकात बसवतात ते कडं म्हणजे बुश. तरी जाड तारा दुखायच्या, म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढं तारा सैल सोडायला लागला. सैल तार खाली बोलते. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांना गिटार तीन अर्धसूर खाली उतरवलेली आहे. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळच. खर्जाचं वजन आमच्या लोकांना काय समजवायचं! या बँडच्या आवाजात कुणाला सैतान ऐकू येतो. मला प्रेस ऐकू येतो.

(दृश्य: पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ.)

चौघं १९६८ला एकत्र आले. आधीचं नाव ‘अर्थ’, म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी, पण त्या नावाचा दुसरा बँड निघाला, म्हणून ‘ब्लॅक सॅबथ’. पहिला अल्बम लंडनला जवळजवळ एका दिवसात उरकला आणि १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी बाहेर आला. समीक्षकांनी झोडपला, पोरांनी उचलला. त्याच सप्टेंबरात ‘पॅरानॉइड’. त्याचं शीर्षकगीत तर अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईघाईत केलेलं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर मैफल.)

५ जुलै २०२५. अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर चौघांची शेवटची मैफल. ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला.

तो व्हिडिओ मी अप्पांना दाखवला. गाण्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. टोनीचा हात जवळून दिसला, तसं त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा वर सरकवला.

"चामडं बदलत असणार अधनंमधनं," म्हणाले. "झिजतंय ते."