व्यवसाय तिचा, सही कुणाची?

[दृश्य: हिशेबाच्या वहीवर चालणारं पेन. शिवणयंत्र. पार्सलवर चिकटवला जाणारा पत्ता.]

माल ती आणते. गिऱ्हाइकाशी ती बोलते. उधारी कुणाकडे किती थकली आहे, हे तिला तोंडपाठ असतं. पण बँकेतलं खातं कुणाच्या नावावर आहे? चेकवर सही कुणाची चालते? चार पैसे शिल्लक पडले, तर ते कशात घालायचे हे कोण ठरवतं?

या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्याच माणसाकडे असतील, तर ती बाई राबते, कमावतेसुद्धा. पण पैशाच्या बाबतीत ती अजून परावलंबीच आहे. व्यवसाय चालवणं आणि व्यवसायाची मालकीण असणं यांत मोठं अंतर आहे. हा माहितीपट त्या अंतराविषयी आहे.

[दृश्य: जुने दस्तऐवज, शिक्के, मोहरा.]

हे अंतर मुळात कायद्यानंच पाडलं होतं. इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोची मजुरीसुद्धा नवऱ्याची होत असे. १८७० च्या कायद्यानं तिची कमाई तिच्या हाती आली, आणि १८८२ च्या कायद्यानं तिची मालमत्ता.

फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यापार करता येत नव्हता. विधवेवर मात्र हे बंधन नव्हतं. १८०५ साली बार्ब-निकोल क्लिको या तरुणीचा नवरा वारला. ती अवघी २७ वर्षांची होती. सासऱ्यांचं मन वळवून तिनं त्यांचा वाइनचा व्यवसाय हाती घेतला, आणि आज २०० हून अधिक वर्षांनंतरही ती पेढी तिच्याच नावानं ओळखली जाते. तिची हुशारी नवरा असतानाही तिच्यापाशी होतीच की! व्यवहार करायची मुभा तिला मिळाली ती वैधव्यामुळे, ही गोष्ट मनाला लागते. फ्रान्समधल्या विवाहित बाईला नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडता येऊ लागलं, ते १९६५ च्या कायद्यानं.

आणि ही फार जुनी हकिकत आहे असं वाटत असेल, तर अमेरिका पाहा. तिथल्या काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं असेल, तर घरातल्या पुरुषाची सही मागता येत होती. स्त्रियांच्या व्यवसाय-मालकीसंबंधीच्या कायद्यानं ती अट काढून टाकली. साल होतं १९८८.

[दृश्य: हातात धरलेलं पासबुक. त्यावरचा फोटो.]

अहमदाबादेत बायकांनी वेगळी वाट काढली. भाजी विकणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, हातगाड्या ओढणाऱ्या बायकांना बँका दारातही उभं करत नव्हत्या. त्यांचा धंदा सावकाराच्या व्याजावर चाले. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या ४,००० जणींनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेतला आणि १९७४ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. अनेकींना लिहिता येत नव्हतं. मग ओळख पटवायला पासबुकावर फोटो आला. खातं तिचं, फोटो तिचा, आणि बँकेत भागीदारीही तिचीच.

[दृश्य: नोटा मोजणारे हात. नोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातात.]

कायदे बदलले. घरातली सवय सावकाश बदलते. बांगलादेशात बायकांच्या नावे दिलेल्या लहान कर्जांचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की कागदावर कर्जदार बाई असली, तरी बऱ्याच ठिकाणी तो पैसा वापरत होते घरातले पुरुष. हप्ता चुकला तर बोल मात्र तिला.

याहून बोलका अभ्यास पुढे झाला. छोट्या व्यावसायिकांना भांडवल दिलं, तर नफा किती वाढतो, हे काही देशांत तपासलं गेलं होतं. पुरुषांचा नफा वाढला. बायकांचा सरासरीनं फारसा हलला नाही. बायकांना धंदा वाढवता येत नाही, असा अर्थ यातून सहज काढता आला असता. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली गेली. या वेळी अभ्यासकांनी त्या बाईच्या घरात आणखी कुणाचा धंदा आहे का, हेही पाहिलं.

चित्र पालटलं. ज्या घरात तिचाच एकटीचा व्यवसाय होता, तिथे भांडवलानं तिचा नफा पुरुषांइतकाच वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे तिला मिळालेला पैसा त्याच्या धंद्याकडे वळला होता. कमतरता तिच्या कुवतीत नव्हतीच. भांडवल तिच्यापर्यंत पोचून तिच्याकडे टिकलं नव्हतं.

हे कळल्यावर ‘बायकांना कर्ज द्या’ एवढं म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं. कर्ज तिच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, यात तर तिच्या डोक्यावर जोखीम तेवढी चढते.

[दृश्य: टेबलावर दोन वह्या. एक घरखर्चाची, एक व्यवसायाची.]

म्हणून सुरुवात वेगळ्या खात्यानं होते. व्यवसायाचा पैसा व्यवसायाच्या खात्यात, आणि त्या खात्यावर तिची सही. घरखर्च आणि धंदा एकाच डब्यात असेल, तर नफा झाला की तोटा, हे वर्ष संपलं तरी कळत नाही. आजारपण येतं, शाळेची फी येते, आणि पुढच्या मालाचे पैसे त्यात जातात. घराला पैसा द्यायलाच हवा. पण तो मालकिणीनं स्वतःसाठी ठरवलेल्या पगारातून जाऊ दे.

पगार! इथेच बहुतेक जणी अडखळतात. कच्चा माल, भाडं, वीज, वाहतूक हे सगळं किमतीत धरतात, आणि स्वतःचे तास सोडून देतात. ‘माझं काय, मी घरीच असते’ हे वाक्य फार महागात पडतं. मदतीला माणूस ठेवायची वेळ येते तेव्हा उमगतं, की त्याला द्यायला पैसेच उरत नाहीत, कारण किंमत ठरवताना श्रम फुकट धरले होते. किंमत वाढवली की काही गिऱ्हाइकं जातात, हे खरं. पण तिच्या फुकट श्रमावर टिकलेलं गिऱ्हाईक किती दिवस पुरणार?

[दृश्य: कागदावर सही करण्याआधी तो वाचणारी स्त्री.]

धंदा बुडूही शकतो. म्हणून जामीन राहताना, घर तारण ठेवताना कागद पूर्ण वाचायचा. घाई करणाऱ्याला थांबवायचं. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर सगळा डोलारा उभा करायचा नाही.

नोकरीतला पगार नोकरीबरोबर थांबतो. नावावर असलेला व्यवसाय तारण ठेवता येतो, विकता येतो, लेकीला देता येतो. पण त्यासाठी तो खरोखर तिच्या नावावर असावा लागतो. नोंदणी कुणाच्या नावाची, भागीदारी असेल तर हिस्सा किती, भागीदार वेगळे झाले तर काय, मालकिणीनंतर वारस कोण, हे लिहून ठेवायचं काम व्यवसाय लहान असतानाच उरकावं. तेव्हा घरातली माणसं मोकळेपणानं बोलतात. उलाढाल वाढल्यावर हाच विषय काढला, की अविश्वास दाखवल्यासारखा वाटतो, आणि मग तो वर्षानुवर्षं लांबत राहतो.