आधी रडू तर द्या

प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. आज सांत्वनावर बोलायचंय, पण आधी मनातलं एक बोलूनच टाकते. आपल्याकडे कुणी गेलं की शवपेटी अजून घरातच असते, बायका भोवती बसलेल्या असतात, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच, रडू नका, ते प्रभूकडे गेलेत. म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं हो, पण ज्याचं माणूस गेलंय त्याला वाटतं की डोळे भरून आले म्हणजे आपला विश्वास कमी पडला.

आता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय बघा. येशूचा मित्र लाजर वारलाय. तो झोपलाय, मी त्याला उठवायला जातोय, असं येशू शिष्यांना निघण्याआधीच सांगतो, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला पक्कं ठाऊक आहे. लाजराच्या गावी, बेथानीला पोचतो तर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, लाजराची बहीण मरीया पायांशी पडून रडतेय, आणि घटकाभरात तिचा भाऊ चालत बाहेर येणारे हे माहीत असूनसुद्धा पस्तिसाव्या वचनात काय आहे? येशू रडला. दोनच शब्द. ग्रीकमध्ये मरीयेच्या रडण्याला जो शब्द आहे तो हंबरडा फोडण्याचा, येशूसाठी वेगळा आहे, डोळ्यांतून पाणी गळण्याचा. हे कळलं त्या दिवशी मी ते वचन कितीदा वाचलं, सांगता येत नाही.

लोक मग प्रेषित पौलाचं नाव पुढे करतात. पण तो थेस्सलनीकाकरांना पत्रात दुःखच करू नका असं नाही लिहीत, आशा नसलेल्यांसारखं करू नका म्हणतो. आणि स्वतः तो मिलेत शहरात इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतो तेव्हा? सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात, कारण आता ह्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही, आणि मग तशीच सगळी त्याला जहाजापर्यंत पोचवायला जातात. कुणी कुणाला गप्प करत नाही.

गप्प करणं नंतर आलं. 387 साली इटलीत ओस्तियाला ऑगस्तीनची आई मोनिका वारली, तिचे डोळे ह्यानेच मिटले. त्याचा मुलगा मोठ्याने रडायला लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं, आणि हा स्वतःही दिवसभर आवरून राहिला, दुःख जातं म्हणून आंघोळसुद्धा केली, ते काही गेलं नाही. झोपून उठल्यावर एकट्यालाच रडू फुटलं. पुढे एवढा मोठा बिशप झाल्यावर त्याने ते सगळं लिहून ठेवलं, की आईसाठी मी तासाचा थोडासा भाग रडलो, कुणाला त्यात पाप दिसलं तर त्याने मला हसू नये.

माझ्या आईला माती दिली तेव्हा पप्पांना एकजण म्हणाले, तुम्ही मंडळीचे पंच, तुम्हीच धीर सोडला तर कसं. पप्पांनी मूठभर माती टाकली, हात झटकले, आणि घरी येऊन सगळ्यांना चहा विचारत बसले. नंतर सात-आठ महिन्यांनी कधीतरी आईचं बायबल उघडलं तर आत तिचा चष्मा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली, तो दोरा पप्पांनीच बांधून दिला होता. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला, गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. दोघंही काही बोललो नाही. खूप वेळाने ते म्हणाले, चष्मा इथेच राहू दे.