डोळ्यात बसवलेली लेन्स बदलताना

(दृश्य : नौपाडा, ठाणे. डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली.)

"आजी, हनुवटी इथे टेका. कपाळ पट्टीला लावा. सरळ बघा."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली आणि आता पुन्हा धुरकट दिसतंय. बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रकाश तिरका टाकला, की धूसरपणा नेमका कुठे आहे ते कळतं. लेन्सच्या मागच्या पडद्यावर असेल, तर याग लेझरने पडद्याला छिद्र पाडून भागतं. पण काही हायड्रोफिलिक (पाणी शोषणाऱ्या) ॲक्रिलिक लेन्समध्ये कॅल्शियम साचतं आणि लेन्सच दुधाळ होते. तिथे लेझरचा उपयोग नाही. उलट पडदा उघडला, की लेन्स काढताना मागचं व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) पुढे यायचा धोका वाढतो. म्हणून लेझरची घाई कधीही करू नये.

नंबर चुकला, लेन्स सरकली किंवा मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्समुळे दिव्यांभोवती दिसणारी वलयं सोसवेनात, तरी लेन्स बदलावी लागते. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटर चुकला, तर नंबर अडीच-तीनने हुकतो. ही चूक पहिल्या काही आठवड्यांत सुधारणं सोपं जातं. पुढे लेन्सभोवतीची पिशवी तिला चिकटत जाते.

(दृश्य : मायक्रोस्कोपखाली डोळा.)

लेन्सच्या कडेखाली व्हिस्कोइलॅस्टिक जेल हळूहळू सोडून पिशवी सुटी करतात. जेलचा एक थर वरही, कारण कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशी मेल्या तर पुन्हा तयार होत नाहीत. लेन्सला जागेवर धरणारे तिचे बारीक हात सर्वांत घट्ट रुतलेले असतात. ते ओढले तर पिशवीला धरून ठेवणारे तंतू तुटतात. सुटतच नसेल, तर हात कापून तिथेच ठेवलेला बरा.

लेन्सचा गोल भाग ६ मिलिमीटरचा, छेद जेमतेम ३ मिलिमीटरचा. म्हणून मऊ लेन्स आतच बारीक कात्रीने कापून बाहेर काढतात. जुनी, कडक पीएमएमए (एक प्रकारचं प्लास्टिक) लेन्स अशी कापली जात नाही. तिला मोठा छेद घ्यावा लागतो.

पिशवी शाबूत असेल, तर नवी लेन्स तिच्यातच. नसेल, तर तिच्यापुढच्या खाचेत थ्री-पीस लेन्स (गोल भागाला वेगळे बारीक हात जोडलेली), पॉवर साधारण ०.५ ते १ ने कमी. सिंगल-पीस (हातांसकट एकसंध) लेन्स तिथे नको. तिचे जाड हात आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, घासतात. आधारच नसेल, तर लेन्स आयरिसला किंवा स्क्लेराला (डोळ्याच्या पांढऱ्या भागाला) अडकवतात. शेवटी जेल पूर्ण काढतात; राहिलं तर डोळ्यातलं प्रेशर चढतं.

घरी जाताना गर्दीची लोकल टाळा. डोळा दुखून लाल झाला, नजर अचानक उतरली किंवा नजरेसमोर पडदा सरकल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि नव्या लेन्सचं मॉडेल, पॉवर लिहिलेलं स्टिकर फाइलला लावून घ्या.