लहान मुलांच्या आईवडिलांसाठी ग्रंथालयात एक तास

नमस्कार मंडळी. आज मला बडोद्यातल्या ग्रंथालयांविषयी बोलायचे आहे. ज्यांच्या घरी तान्हे किंवा अजून शाळेत न जाणारे मूल आहे, अशा आईवडिलांना मनाचा आधार मिळण्याची जागा म्हणून ग्रंथालय उपयोगी पडू शकते आणि त्यासाठी त्याने शहरातल्याच काही संस्थांना सोबत घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींच्या वाट्याला येते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ निजले तरी आईला झोप लागेना, किंवा बाळाजवळ जाण्याचीच भीती वाटू लागली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले, म्हणजे पाच बाळंतिणींमागे किमान एक. आपल्या घरांत मात्र "आम्ही नाही का पोरं वाढवली?" एवढ्यावर हा विषय मिटतो. त्यातून माहेरचा मुक्काम संपवून मुलगी सासरी परतते, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबते, नवरा कामावर जाऊ लागतो, आणि खरा एकटेपणा तेव्हा सुरू होतो.

कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. पण दांडिया बाजारातली एखादी आई बाळाला कडेवर घेऊन आपणहून तिथवर जाईल, अशी अपेक्षा धरणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. "जरा वाचनालयात जाऊन येते" असे सांगून ती निघाली, तर तिला कोणी कारण विचारणार नाही. ग्रंथालयाचे खरे बळ मला इथे दिसते.

या शहराला ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे केले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय झाली, आणि ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या गेल्या. वाचक येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचे, ही वृत्ती आज आईवडिलांच्या बाबतीत हवी आहे.

प्रत्यक्षात हे कसे चालावे? आठवड्यातून एकदा, सकाळची कामे आटोपल्यावर, बालविभागात सतरंजी अंथरावी. मुले चित्रांची पुस्तके चाळत, क्वचित चावतही बसतील. त्यांच्या आयांशेजारी प्रशिक्षण घेतलेली एक स्वयंसेविका बसेल आणि मराठीत किंवा गुजरातीत सहज विचारेल, "रात्री झोप मिळते का हो?" उत्तर लांबू लागले की तिने पुस्तक मिटून ऐकायचे. ही पद्धत हवेत काढलेली नाही. गोव्यात नैराश्य असलेल्या गर्भवती स्त्रियांना त्यांच्याच वस्तीतल्या बायकांनी असा नियमित आधार दिला, तेव्हा त्याचा माफक पण खरा लाभ दिसला. नाशिकमध्ये सुरू होऊन पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात रुजलेला 'आत्मीयता' हा मनाला आधार देणारा उपक्रमही गावातल्याच स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

जबाबदाऱ्यांची वाटणी मात्र काटेकोर हवी. जागा, पुस्तके आणि ठरलेली वेळ ग्रंथालयाने सांभाळावी. निदान करणे हे ग्रंथपालाचे काम नव्हे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेने स्वयंसेविका तयार कराव्यात, आशा कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या बाळंतिणींपर्यंत निरोप पोहोचवावा, आणि रुग्णालयाने एक ठरावीक व्यक्ती नेमावी, जिला फोन केला की पुढची भेट ठरेल. हा शेवटचा दुवा नसेल, तर उपक्रम सुरूच करू नये, असे मला वाटते. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला कोणी होकार दिला, तर तिच्या हाती पत्रक देऊन तिला घरी पाठवता येत नाही. तिच्याजवळ बसून, तिच्या विश्वासातल्या माणसाला बोलावून, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचावे लागते.

फलकावर 'मानसिक' हा शब्द नसावा, 'आईबाबांचा तास' पुरे. नावांची वही कोणालाही चाळता येईल अशी टेबलावर पडलेली नसावी. वडिलांसाठी रविवारची वेळ ठेवावी, कारण नैराश्य त्यांनाही येते आणि त्यांची विचारपूस तर कोणीच करत नाही.

आपल्यापैकी कोणी एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असेल, तर येत्या सभेत हा विषय मांडावा. आणि हे पाहणाऱ्या एखाद्या आईला किंवा वडिलांना आजच बोलण्याची गरज वाटत असेल, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही चालू असतो.