रेघ ओढल्यावर जे कळते

मित्रहो,

डिझायनर आधी विचार करतो आणि मग चित्र काढतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलेली आहे. कल्पना डोक्यात तयार होते, कागद ती उतरवून घेण्यापुरता असतो आणि ज्ञान शोधायचे तर ते पुस्तकात किंवा अहवालात, असे ती समजूत सांगते. माझे म्हणणे वेगळे आहे. काय सोडवायचे आहे हेच डिझायनरला पुष्कळदा रेघ ओढल्यावर कळते, आणि त्या रेघेतून जे कळते ते ज्ञानच असते, मग ते शब्दांत मांडता येवो अथवा न येवो. माझे काम देवनागरी अक्षरांचे आहे, म्हणून उदाहरणेही तिथलीच देतो. व्याख्यानाच्या शीर्षकात 'ज्ञानाचा सिद्धांत' असे शब्द छापले आहेत; सिद्धांताकडे मी येणारच आहे, पण त्याआधी आपण एक अनुस्वार पाहू.

'सर्वांना' हा शब्द घ्या. वर्तमानपत्राच्या एका पानावर तो अनेकदा येतो. यात 'वा'च्या कान्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही बसतात. टाइप डिझायनर रफार वेगळा काढतो, अनुस्वार वेगळा काढतो आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम दिसतात. ते एकत्र आले की अडचण सुरू होते. साध्या वजनाच्या टाइपात टिंब रफाराच्या कुशीत नीट मावते, पण ठळक टाइपात रफाराची रेघ जाड होते, टिंबही वाढते आणि दोहोंमधली पांढरी जागा नाहीशी होते. छापलेल्या पानावर तिथे नुसता काळा गोळा दिसतो. टिंब लहान करावे असे कोणालाही सुचेल, आणि ते करून पाहावेही. पण टिंबाचा व्यास दंडाच्या, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेच्या, जाडीएवढाच ठेवला तरी ते डोळ्याला दंडापेक्षा बारीक भासते, मग त्याहून लहान केले तर काय होईल हे सांगायला नको. छोट्या अक्षरात ते वाचकाला दिसतच नाही आणि 'सर्वांना'चे 'सर्वाना' होते.

म्हणून टिंब वर सरकवले. रफार सुटा झाला, शब्द स्वच्छ दिसू लागला आणि काम झाले असे वाटले. मग परिच्छेद जुळवून पाहिला, तर वरच्या ओळीत नेमका 'उद्धृत' हा शब्द आलेला. 'द'खाली 'ध' आणि त्याखाली ऋकार, असा तो इतका खोल उतरतो की त्याचे शेपूट खालच्या ओळीतल्या टिंबाला जाऊन भिडले. म्हणजे प्रश्न टिंबापुरता राहिला नाही, तो दोन ओळींमधल्या अंतराचा झाला. अंतर वाढवावे तर पुस्तकाची पाने वाढतात, आणि पाने वाढली की प्रकाशक दारात उभा राहतो. म्हणून 'द्ध' आटोपशीर केला. त्याबरोबर तो शेजारच्या अक्षरांपेक्षा काळा दिसू लागला, कारण तेवढ्याच शाईला आता कमी जागा मिळत होती. त्याची रेघ थोडी बारीक केली, तर 'द्व' आणि 'द्य' त्याच्या घराण्यातले वाटेनात. तेव्हा 'द'ची सगळी जोडाक्षरे पुन्हा काढायला घेतली. एका टिंबाने सुरू झालेले काम जोडाक्षरांच्या एका संपूर्ण कुळापर्यंत गेले, आणि 'द'चा पोटाकडचा भाग किती मोकळा हवा, हा पहिल्याच दिवशी विचारायला हवा असलेला प्रश्न सर्वांत शेवटी समोर आला.

तो पहिल्या दिवशी विचारता आला असता का? मला नाही वाटत. पहिल्या दिवशी तो प्रश्न अस्तित्वातच नव्हता. टिंब वर सरकवल्यामुळे तो निर्माण झाला. उत्तराचा प्रयत्न केल्याशिवाय प्रश्न पुरता उमगत नाही, हे डिझाइनच्या कामाचे वैशिष्ट्य आहे. गिऱ्हाईक आरंभी जो लेखी तपशील मागते, त्याने माझी चिडचिड होते ती याचसाठी. 'काय करणार ते आधी लिहून द्या, मग आम्ही मंजुरी देऊ', असे मला अनेक ठिकाणी सांगितले गेले आहे, आणि प्रत्येक वेळी लिहून दिलेल्या कागदात 'द'च्या पोटाचा उल्लेख कुठेही नव्हता.

लेखी शब्दाची मर्यादा दाखवणारे आणखी एक उदाहरण देतो. मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरावा, असे शासनाने २००९ साली ठरवून दिले. निर्णय योग्यच होता आणि मला त्याचा आनंद झाला. परंतु 'पाकळीयुक्त' हे विशेषण वाचून दहा जणांनी दहा वेगवेगळे 'ल' काढले, तर दहाही जण निर्णयाचे पालनच करत असतील. दोन पाकळ्या सारख्या असाव्यात की दंडाजवळची थोडी आवळलेली असावी, हे कोणातरी माणसाला हाताने शोधावे लागते.

हे शोधणे आजचे नाही. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ साली आधी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कारागीर आणि छापखाना ही एकाच घरातली माणसे झाली. कोरलेले अक्षर संस्कृत ग्रंथाच्या पानावर जोडाक्षरांच्या गर्दीत कसे वागते, ते कोरणाऱ्याला तिथल्या तिथे पाहता येत होते.

हे काम कसे चाले ते पाहा. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, त्याचा ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, काढायचे. कांब तांब्यावर ठोकण्याआधी कारागीर ती ज्योतीवर धरून काजळी बसवत असे आणि कागदावर दाबून अक्षर पाहत असे. थोडे कानशीने घासायचे, काजळी धरायची, दाबून पाहायचे, पुन्हा घासायचे. जास्त घासले गेले तर पोलाद परत लावता येत नाही, तेव्हा प्रत्येक ठसा हा पुढे घासावे की थांबावे याचा निवाडा होता. ते काजळीचे ठसे म्हणजे त्या माणसाचा विचार होता, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

विद्यार्थ्यांना हे पटवण्यासाठी मी दोन पेन्सिली रबराने शेजारी शेजारी बांधून 'अ' काढायला लावतो. दोन टोके मिळून बोरूच्या छाटलेल्या टोकाचे काम करतात आणि रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक होते ते आपोआप दिसते. रोमन लिपीसाठी टोकाचा जो कल असतो त्याच्या उलट कल देवनागरीला लागतो, हे मी फळ्यावर लिहिले तर वहीत उतरते आणि तिथेच राहते. पेन्सिली चुकीच्या कलाने धरून काढलेला 'अ' परका दिसतो आणि कल बदलताच तो आपला होतो, हे एकदा हाताने अनुभवलेला विद्यार्थी ते विसरत नाही. र. कृ. जोशींसारखा सुलेखनकार आणि कवी पवईच्या आयआयटीत शिकवत होता आणि त्याच हाताने विंडोजमधला मंगल फाँट घडला, यात मला हाच धागा दिसतो. साधन संगणकाचे झाले, तरी निवाडा बोरूवर तयार झालेल्या हाताचाच होता.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून सिद्धांताचे थोडक्यात सांगतो. डिझाइनर कसा विचार करतो याचे अभ्यासक ब्रायन लॉसन यांनी इंग्लंडमध्ये केलेला आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. रंगीत ठोकळे मांडून बाहेरची भिंत जास्तीत जास्त लाल किंवा निळी करायची होती, पण कोणते ठोकळे एकत्र चालतात याचा एक नियम लपवलेला होता. विज्ञानाचे विद्यार्थी निरनिराळे ठोकळे वापरून आधी नियम शोधू लागले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी चांगली वाटणारी मांडणी थेट करून पाहिली, ती नाकारली गेली की त्याखालोखाल चांगली वाटणारी केली, आणि नियम त्यांना त्या ओघात कळत गेला. नवख्या विद्यार्थ्यांमध्ये हा फरक आढळला नाही, म्हणजे ही रीत शिक्षणातून आणि सरावातून येते. मांडणी करणे हीच तिथे चौकशी होती, आणि 'सर्वांना'वरचे टिंब हलवणे हीसुद्धा तशीच चौकशी होती.

हे मान्य केले तर एक व्यावहारिक गोष्ट ओघाने येते. प्रबंधात मजकूर मुख्य आणि रेखाटने परिशिष्टात, ही आपल्या अनेक संस्थांतली पद्धत बदलली पाहिजे. पक्के चित्र फक्त निर्णय सांगते. तो का झाला हे नाकारलेल्या चित्रांत असते, आणि आपण नेमकी तीच फेकतो. माझ्या माहितीतल्या एका जुन्या छापखान्याने खिळे वजनावर भंगारात विकले, हे एक वेळ समजू शकते, कारण धातूला किंमत होती. पण त्याच दिवशी अक्षरांच्या कच्च्या कागदांचे गठ्ठे रद्दीत गेले, आणि त्यांतली प्रत्येक दुरुस्ती आता कोणाला तरी पहिल्यापासून शोधावी लागणार आहे.

तेव्हा माझी विनंती आहे की, ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे असे कागद असतील, त्यांनी ते कोणत्या कामाचे होते एवढे तरी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे. जे विद्यार्थी आज फाँट करत आहेत, त्यांनी रद्द केलेल्या अक्षराची फाइल पुसू नये आणि ते का रद्द केले याची एक ओळ तिच्याशेजारी जोडावी. हाताने खिळे जुळवलेली माणसे अजून आपल्यात आहेत. कोणते खिळे जुळवताना तासून बसवावे लागत, हे त्यांना विचारून नोंदवण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे. त्यासाठी वेळ देऊ शकणाऱ्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे, म्हणजे आपण नावे लिहून घेऊ.