शिकागोचा खड्डा आणि आयर्लंडची उधारी

मंडळी, आज ज्या टॉवरबद्दल बोलायचंय तो कुठेच नाहीये. शिकागो स्पायर. २००५ मध्ये जाहीर झाला, आर्किटेक्ट सांतियागो कालात्रावा, उंची २००० फूट, दीडशे मजले, जवळजवळ बाराशे फ्लॅट, आणि अख्खी इमारत वर जाताना पीळ घेत जाणार, ड्रिलचं पातं असतं ना तशी, लोक तिला ड्रिल बिटच म्हणायचे.

२००७ ला काम सुरू झालं, २००८ ला थांबलं, मधे लेहमन ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि मंदी आली ते तुम्हाला माहितीच आहे. वर काही आलंच नाही. खाली राहिला एक खड्डा, ७६ फूट खोल, शंभर फुटांहून जास्त रुंद, कंपासने काढल्यासारखा गोल. शेजारच्या टॉवरमधल्या लोकांनी मिशिगन सरोवर दिसतं म्हणून पैसे मोजलेले, आणि खिडकीतून खाली बघितलं की हा खड्डा. पुढे नवीन मालकाने भोवती मातीचा बांध घालून हिरवळ लावली, म्हणजे रस्त्यावरून तरी दिसू नये. वरून दिसायचाच की!

आता कुणी म्हणेल, बांधलंच नाही तर शहराचं गेलं काय? मला हे पटत नाही. टॉवर उभा राहायच्या कितीतरी आधी त्याच्या नावावर पैसा फिरायला लागतो, बँक कर्ज देते, कंत्राटदार माणसं लावतो, फ्लॅट बुक होतात, आणि काम थांबलं की ही सगळी साखळी उलटी फिरते. खुद्द कालात्रावांनी एक कोटी दहा लाख डॉलरच्या वर थकलेत म्हणून त्या जमिनीवर बोजा चढवला. बाजूलाच एक छोटं पार्क व्हायचं होतं, महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी १९८७ मध्येच जाहीर केलेलं, त्यासाठी स्पायरचा बिल्डर पैसे देणार होता, ते पण लटकलं. बाराशे घरांचा प्रॉपर्टी टॅक्स बुडाला असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यातल्या बऱ्याच लोकांनी त्याच शहरात दुसरीकडे घर घेतलं असणार, असले हिशोब छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा जपूनच राहा.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती कामगार युनियनची गोष्ट. मंदीत हाताला काम नाही, म्हणून युनियनच्या पेन्शन फंडातून प्रोजेक्टला १७ कोटी डॉलर कर्ज द्यायची बोलणी चालली होती, अट एकच, काम युनियनच्याच माणसांना द्यायचं. म्हणजे म्हातारपणाची पुंजी लावून आजची मजुरी मिळवायची. ती बोलणी फिसकटली, आणि माझ्या मते बरंच झालं.

मूळ कर्ज होतं अँग्लो आयरिश बँकेचं. ती बँक जानेवारी २००९ मध्ये आयर्लंडच्या सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि हे कर्ज गेलं बुडीत कर्जं गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तिचं नाव नामा. (आपला विठोबाचा नामा नव्हे, हा वसुलीचा.) व्याजासकट नऊ कोटी डॉलरच्या वर गेलेलं येणं नामाने साधारण साडेतीन कोटीला विकून टाकलं. म्हणजे खड्डा शिकागोत आणि खिसा आयर्लंडमधल्या करदात्याचा, ज्याने ते सरोवर बघितलंही नसेल.

ज्या कंपनीने नामाकडून ते कर्ज विकत घेतलं तिच्याकडेच पुढे जमीन गेली. तिथे २०२४ मध्ये टॉवरचं काम सुरू झालं, ७२ मजले. पीळबीळ काही नाही, सरळसोट.