पावसाळ्यात गाडीची काच का धुरकटते

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की घाटातून प्रवास करणाऱ्यांना आपण दरडींबद्दल, खड्ड्यांबद्दल, निसरड्या वळणांबद्दल सावध करतो, आणि ते करायलाच हवं. पण आज मला गाडीच्या आतल्या एका धोक्याबद्दल बोलायचंय. चालत्या गाडीत समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि चार-दोन क्षणांत रस्ता दिसेनासा होतो, त्याबद्दल. आंबोलीत किंवा ताम्हिणीत बाहेर खरोखरच धुकं असतं. त्यामुळे कित्येकदा चालवणाऱ्याला हेही कळत नाही की समोर दिसणारं पांढरं बाहेरचं आहे की स्वतःच्या काचेवरचं. हा धोका दोन बटणांनी टळतो. तरीही दर पावसाळ्यात मी माणसांना एका हाताने स्टीअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडका फिरवताना बघतो, आणि माझा जीव खालीवर होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. काच पुसायला तीन सेकंद लागले, तर गाडी ३३ मीटर गेली. आणि घाटातली कित्येक वळणं त्याहून जवळ असतात.

हे पाणी काचेवर येतं कुठून? आपल्याच अंगातून. माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. गाडीत चार माणसं असली, तर दर मिनिटाला दोन ग्रॅम पाण्याची भर. साध्या छोट्या गाडीत हवा असते ती जेमतेम तीन घनमीटर. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, ३० अंशांची हवा ३० ग्रॅम. म्हणजे हवा जितकी उबदार, तितकं तिच्यात जास्त पाणी मावतं. आता पावसात भिजलेली थंड काच आणि आत चौघांच्या श्वासाने दमट झालेली हवा यांची गाठ पडली, की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसं काचेला आतून सुटतं. शिवाय मागच्या सीटवर ओला रेनकोट, पायाशी निथळणारी छत्री आणि मॅटखालचा भिजलेला गालिचा असतोच. तेही सगळं पाणी हवेतच येतं.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या डॅशबोर्डवर एक बटण किंवा सरकती पट्टी असते. तिच्यावर गाडीचं चित्र असतं आणि गाडीच्या आत गोल वळलेला बाण असतो. ते चालू असलं, की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा फिरत राहते. उन्हाळ्यात गाडी लवकर गार व्हावी म्हणून आपण ते लावतो आणि पावसाळ्यातही तसंच ठेवतो. ते बंद करा. बाण बाहेरून आत येणारा असायला हवा.

यावर हमखास प्रश्न येतो की बाहेर तर धो धो पाऊस, ती दमट हवा आत घेऊन काय उपयोग? उपयोग आहे. २२ अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली पावसाळी हवा गाडीत शिरून ३० अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच राहिलं, पण हवेत जागा वाढली. अशी हवा काचेवरचं पाणी उलट शोषून घेते. म्हणून तापमानाची कळ थोडी लाल बाजूला फिरवा. आपल्याकडे कित्येक गाड्या विकायची वेळ येते, तरी ती कळ लाल बाजूला एकदाही गेलेली नसते. हीटरची ऊब इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून येते, त्याला वेगळं पेट्रोल लागत नाही.

आणि दुसरं बटण एसीचं. पावसाळ्यात एसीचं काम हवा कोरडी करण्याचं असतं. एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, शून्याच्या जरा वर इतकी थंड असते. तिच्यावरून जाताना हवेतलं बाष्प पाणी होऊन तिला चिकटतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. उभ्या गाडीखाली जो ओला डाग दिसतो, तो हाच. एसी आणि हीटर दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. एसी हवा कोरडी करतो, हीटर तीच हवा उबदार करतो, आणि ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, ती काचेवर सोडतो. थंडी वाजते म्हणून एसी नको म्हणणाऱ्यांनी ही जोडी वापरून बघावी. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचं चित्र असलेलं बटण दाबलं, की एसी आणि बाहेरची हवा आपोआप चालू होतात.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्या सवयीकडे येतो. घाट लागला की एसी बंद करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलं, पुढे मालाने लादलेला ट्रक आला, की ओव्हरटेकला पिकअप मिळावा म्हणून हात एसीच्या बटणाकडे जातो. एसी बंद होतो, ब्लोअर मात्र चालूच राहतो. त्या क्षणी कॉइल पाण्याने निथळत असते. तिचा थंडपणा ओसरायला लागतो आणि ब्लोअरची हवा ते सगळं पाणी उचलून थेट काचेवर आणते. अर्धा-एक मिनिट जातं आणि काच खालून वर पांढरी होत जाते, नेमकी ट्रकच्या बाजूला असताना. शेजारचा माणूस घाईघाईने रुमाल काढतो, काच पुसतो, बोटांचे तेलकट फराटे उठतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या फराट्यांवर फुटून सगळं अंधुक करतात. हे सगळं एका बटणामुळे होतं. पिकअप हवा असेल तर खालचा गिअर टाका, आणि तेवढ्याने भागत नसेल तर ओव्हरटेक करू नका. पावसात, घाटात, एसी बंद करून मिळवलेल्या जोरावर ट्रक ओलांडण्याची वेळ कुणावरच येऊ नये.

इंजिन तापल्याचा काटा वर चढत असेल, तर मात्र एसी बंद करावाच लागेल. तेव्हा लगेच दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्या आणि तापमानाची कळ पूर्ण लाल करा. हीटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो, त्याने इंजिनालाही आराम पडतो आणि काचही उबदार राहते. आत थोडं उकडेल, ते सोसा, आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्या.

मागच्या काचेवर बारीक तपकिरी रेघा असतील, तर तो काच तापवणारा हीटर आहे. त्याचं बटण वेगळं असतं आणि बहुतेक गाड्यांत तो थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. त्या रेघांवर स्टिकर चिकटवू नका. पुसताना रेघांच्या दिशेने पुसा, रेघांना छेदून खरवडलं की रेघ तुटते आणि तेवढी पट्टी कायमची धुरकट राहते.

एवढं करूनही काच रोज धरत असेल, तर गाडीत पाणी कुठून तरी मुरतंय. सगळ्या मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून बघा. डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी ओल असेल, तर एसीची पाणी जायची नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. बॉनेट उघडलं की काचेच्या खालच्या खाचेत झाडाची पानं साठलेली दिसतात, तीही पाणी अडवून आत ढकलतात. गाडी झाडाखाली उभी करणाऱ्यांनी हे पावसाआधी काढावं. त्याच वेळी हातकप्प्यामागचा, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समागचा, हवेचा फिल्टर बघून घ्या. तो धुळीने भरला असेल, तर ब्लोअर कितीही जोरात लावा, काचेपर्यंत वारा पोचतच नाही. आणि काचेवरचा थर पुसला तरी तेलकट राहत असेल, गोडसर वास येत असेल, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळतंय. ते त्याच आठवड्यात फिटरला दाखवा, कारण कूलंट कमी झालं की इंजिन बसतं.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्याच्या गावांतून एक वेगळी तक्रार येते. तिथे काच बाहेरून धरते. एसीचा गार झोत काचेवर सोडला, की काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा फार थंड होते आणि बाहेरच्या अंगाला पाणी सुटतं. मस्कत-दुबईकडे गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींनाही उन्हाळ्याच्या रात्री हा अनुभव येतो. ओळखायला सोपं, वायपर फिरवून बघा. काच साफ झाली तर पाणी बाहेर आहे. मग उपाय वेगळा. झोत काचेवरून काढून अंगाकडे वळवा आणि तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा.

शेवटी, ज्यांच्या गाडीला एसीच नाही त्यांच्यासाठी. जुन्या जीप, टेम्पो, मालाच्या गाड्या अजून खूप चालतात आणि त्या चालवणारे रात्री-अपरात्री घाटात असतात. उजवीकडची पुढची आणि डावीकडची मागची काच बोटभर उघडी ठेवा, म्हणजे वारा गाडीतून तिरका जातो. गाडीला डावीकडे मागची काच नसेल, तर दोन्ही दारांच्या काचा तेवढ्याच उघड्या ठेवा. निघण्याआधी समोरची काच आतून स्वच्छ धुवा. डॅशबोर्डवरचं पॉलिश, अगरबत्तीचा आणि विडीचा धूर यांचा जो थर काचेवर बसतो, त्यावर वाफ लवकर आणि दाट धरते. मग भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब ओल्या सुती फडक्यावर घेऊन काचेला आतून लावा, आणि कोरड्या फडक्याने काच पूर्ण आरपार दिसेपर्यंत घासा. साबणाच्या पातळ थरामुळे पाण्याचे थेंब न होता ते काचेवर सपाट पसरतं आणि त्यातून दिसतं. हा उपाय दोन-चार दिवस टिकतो, नंतर पुन्हा करावा लागतो. रात्री समोरच्या दिव्यांभोवती फराटे दिसायला लागले, तर साबण जास्त राहिलाय असं समजा, साध्या पाण्याने काच पुसा आणि पुन्हा कोरडी घासा.

नमस्कार.